आपणहून पडायची विद्या

आमच्या मलकापूरच्या तालमीतली जुनी मंडळी कुणाच्या घरी जमली, की त्या घरची माउली चहाचं आधण मुद्दाम मोठं ठेवते. तिला माहीत असतं, हे आता लवकर उठायचे नाहीत! एकानं एक किस्सा काढला की बाकीच्यांना चार आठवतात. त्यातले निम्मे तरी ज्ञानू हवालदारांचे असतात. सध्या तेवढेच सांगतो.

*

लढाई संपली आणि हवालदार ब्रह्मदेशातून घरी आले. घरचा ऊस थोरला भाऊ बघत होता, तिथं ह्यांना काही काम नव्हतं. फौजेत एका गोऱ्या सार्जंटाकडून ते जुजुत्सु हे जपानी झटापटीचं तंत्र शिकले होते. ते गावच्या पोरांना शिकवायचं, एवढंच एक डोक्यात घेऊन ते आले होते. त्यासाठी जागा मागायला ते तालमीच्या वस्तादांकडे, म्हणजे आण्णांकडे गेले.

आण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "ज्यांच्या गोळ्या चुकवल्यास, त्यांचंच शिकून आलास व्हय रं?"

शेवटी तालमीमागची कडब्याची खोली दिली. "जत्रंपातुर बगतो. न्हाई पटलं तर तू आन् तुजी विद्या, दोगंबी भाईर! आन् माज्या हौद्यात कुनाची पाठ टेकवायची न्हाई."

हौदा म्हणजे आमची कुस्तीची लाल माती. तेल, ताक, हळद घालून लोण्यासारखी मऊ केलेली. कडब्याच्या खोलीत मात्र नुसती शेतातली माती आणून पसरली होती.

*

पहिल्या दिवशी लंगोट कसून, शड्डू ठोकून मी उभा राहिलो. हवालदार म्हणाले, "पड."

"पाडा की!"

"पाडायचं मागनं. आदी आपणहून पाठीवर पड. पडताना हात जमिनीवर मार, म्हंजे लागत न्हाई."

आता लहानपणापासून आण्णांनी आम्हाला एकच शिकवलेलं. जीव गेला तरी पाठ लागू द्यायची नाही! मी पाठीवर जायला निघायचो आणि अंग आपोआप वळून पोटावर यायचं. नाक फुटलं, पण पाठ काही टेकेना.

माझा जोडीदार बिरा. माणदेशाकडचा, मेंढरं राखणाऱ्या घरातला गडी. त्यानं तर हातच जोडले. "हवालदार, तुमी मला खुशाल मारा. पर आपणहून पाठ टेकली, ह्ये आमच्या म्हाताऱ्याला कळलं तर त्यो मला घरात घ्यायचा न्हाई!"

*

शिकवायची तऱ्हाही निराळी. आण्णा शिव्या घालायचे, छडीनं पोटऱ्या सोलायचे, आणि मग स्वतःच्या वाटणीचं दूध पाजायचे. एखाद्या दिवशी त्यांची शिवी मिळाली नाही, तर आपलं काही चुकलं की काय, या विचारानं झोप लागायची नाही. हवालदारांचं सगळं फौजी. आवाज न चढवता म्हणायचे, "ठीक है. मेहेरबानी करके फिर से."

एकदा ते मला सारखं 'मेहेरबानी करके' म्हणत राहिले. मी घरी येऊन न जेवताच आडवा झालो. आईनं विचारलं, "काय झालं रं?"

"हवालदार लय चिडल्यात माज्यावर!"

*

झटापटीआधी समोरासमोर उभं राहून, कमरेत वाकून एकमेकांना नमस्कार करायचा, अशी जुजुत्सूची रीत. बिरा अगदी मनापासून वाकला. मला समोर वाकलेली मान दिसली आणि पुढचं काही सुचलंच नाही. ती मान धरली आणि बिराला आडवा केला!

हवालदारांनी पहिल्यांदाच आवाज चढवला. "आरं, नमस्कार तरी पुरा हू दे!"

मातीतनं बिरा म्हणाला, "हवालदार, त्येला वरडू नगा. मीबी त्येच करनार हुतो. पर त्यो आदी वाकलाच न्हाई!"

*

हवालदारांचे एक स्नेही अधूनमधून सांगलीहून यायचे. हायस्कुलात मास्तर, मुंबईत असताना जुजुत्सु शिकलेले. त्यांची तऱ्हा तिसरीच! भिंतीवर कोळशानं माणूस काढला, त्याच्या पोटात एक टिंब दिलं आणि 'तोल' या विषयावर सुरू झाले. बोलतायत, बोलतायत! खोलीत आलेलं ऊन पार दाराबाहेर गेलं. बिरा उभ्या उभ्या पेंगायला लागला.

मास्तर बोलता बोलता त्याच्याजवळ आले आणि खांद्याला एक बोट लावलं. बिरा धाडकन खाली! आणि कसा? पाठीवर, हात मारून, थेट शिकवल्यासारखा!

हवालदार खूश झाले. "शाब्बास! जमलं की रं तुला!"

बिरा डोळे चोळत म्हणाला, "जमलं आसंल. मी नव्हतो तवा."

*

जत्रा तोंडावर आली. एका सकाळी आण्णा आमच्या खोलीत येऊन उभे राहिले. आम्ही पडून दाखवलं, पाडून दाखवलं. आण्णांचा चेहरा काही हलेना. हवालदार माझ्या शेजारीच होते. लढाईवरून आलेला माणूस, पण आण्णांकडे बघायचं टाळून पायानं माती सारखी करत होता. मला फार वाईट वाटलं.

"पोरांचं काय बगायचं?" आण्णा म्हणाले. त्यांनी फेटा काढून खुंटीला अडकवला. "मला पाड."

आम्ही सगळे गार! आण्णांची पाठ मातीला लागलेली साऱ्या जिल्ह्यात कुणी पाहिली नव्हती. पाडावं तर आपल्याच चेल्यांसमोर वस्तादांची अब्रू जाणार. न पाडावं तर हवालदारांची विद्या बाहेर!

हवालदार पुढं झाले. मग वाकून आण्णांच्या पायांना हात लावला आणि आमच्याकडे वळून म्हणाले, "सगळे भाईर व्हा. दार वढून घ्या."

आम्ही बाहेरून दाराला कान लावले. आत धप्प झालं. मग बराच वेळ काहीच नाही. बिरानं माझा दंड घट्ट धरला होता. मग आण्णांची एक सणसणीत शिवी ऐकू आली, आणि पुन्हा धप्प! मग परत एकदा!

दार उघडलं. आण्णा बाहेर आले. चैत्राचं ऊन रणरणत होतं, तरी त्यांनी उपरणं मानेपासून कमरेपर्यंत घट्ट लपेटून घेतलं होतं. कुणाकडे न बघता ते तालमीच्या पायरीपर्यंत गेले आणि तिथं थांबले.

"हवालदार, उद्यापास्नं हौद्यात या. ह्या खोलीत खडे लय हाईत!"