बाहेरून लावलेली कडी

नागपूरला मानसशास्त्रात एम.ए. करून मी पांढुर्ण्याला घरी परत आले, तेव्हा या शिक्षणाचं पुढे काय करायचं हे मलाही ठाऊक नव्हतं आणि शाळेत मास्तर असलेल्या माझ्या वडिलांनाही नव्हतं. ऐंशीच्या दशकाची ती सुरुवात. शेजारच्या बायका मला हात बघता येतो का, असं विचारत. वर्षभराने एका संस्थेने सौंसरला प्रकल्प उघडला. नुकत्याच बाळंत झालेल्या बायकांकडे जायचं, झोप लागते का, रडू येतं का, बाळाला घ्यावंसं वाटतं का, असे प्रश्न विचारायचे आणि उत्तरं वहीत लिहून आणायची. त्यांना इथली बोली कळणारी शिकलेली बाई हवी होती. मी सकाळच्या बसने सौंसरला जायला लागले.

नसबंदीचे दिवस लोक विसरले नव्हते. बाळंतिणीची चौकशी करत फिरणारी वहीवाली बाई म्हणजे ऑपरेशनवाली, हे गावोगाव ठरलेलं होतं. मी दिसले की काही घरांतून सुनेला मागच्या दाराने शेतात पाठवून देत. एका म्हातारीने माझी पिशवी उपडी करून पाहिली. मी फक्त मनाचं विचारते, असं मी सांगायची. मनाचं विचारायला कुणी बसचं तिकीट काढून येतं, हे तर कुणालाच पटायचं नाही.

रामाकोन्यात वस्तीच्या टोकाला, बुद्धविहारामागे, एक घर होतं. घरात सासू, सून आणि तीन आठवड्यांची मुलगी. सासूचा मुलगा तिगावकडच्या संत्र्याच्या बगीच्यात कामाला होता, तिथेच राहायचा आणि आठवड्यातून एकदा घरी यायचा. सून एकोणीस वर्षांची. तिची आई लहानपणीच वारली होती, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं होतं. ती भिंतीकडे तोंड करून बसलेली असायची. मी काही विचारलं की उत्तर सासू द्यायची. झोप लागते का? लागते. जेवते का? जेवते. बाळ रडलं तर सासूच उचलायची, आणि दूध पाजून झालं की लगेच सुनेच्या मांडीवरून काढून घ्यायची.

दुसऱ्या खेपेपासून मला काही गोष्टी दिसायला लागल्या. सासू पाणी आणायला गेली की बाळाला सोबत न्यायची आणि दाराला बाहेरून कडी घालायची. चुलीजवळ विळा नव्हता. रॉकेलची बाटलीसुद्धा घरात नव्हती. सुनेच्या हातात बांगड्या नव्हत्या. सासूला एकदा विचारलं, तर म्हणाली, "फुटल्या." आणि माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं विचारायची सोय राहिली नाही.

सुना जाळल्याच्या बातम्या तेव्हा पेपरात सारख्या यायच्या. पहिली मुलगी झालेली, माहेर नसलेली, नवरा दूर असलेली पोर. कोंडून ठेवली आहे, मारहाण होते, बाळापासूनही तोडलं आहे, असं मी मनाशी जुळवत गेले. वहीत लिहिलं: सासूकडून छळ असण्याची दाट शक्यता. सौंसरला गेल्यावर प्रकल्पाच्या साहेबांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, छळाबद्दल काहीच विचारलं नाही. नवऱ्याचं नाव काय, मुलं किती, घर कुठे, एवढं विचारलं आणि वही दोन दिवसांसाठी ठेवून घेतली. तेव्हा मला त्यात वावगं वाटलं नाही. माझा सगळा संशय रामाकोन्यातल्या त्या बाईवर होता.

पोलिसांत जाण्याआधी पोरीशी एकटीने बोलायचं मी ठरवलं. बाजाराच्या दिवशी सासू बाळाला घेऊन बाजारात गेलेली पाहून मी घरापाशी गेले. कडी लावलेली होतीच. मी ती काढली.

सून कोपऱ्यात बसली होती. दार उघडलेलं पाहून तिला सुटल्यासारखं वाटेल, असं मला वाटलं होतं. ती घाबरून उभी राहिली.

"काऊन उघडलं तुमी?" ती म्हणाली. "लावा थे. मले इहीर दिसते."

त्या दिवसापर्यंत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. मी दार नुसतं लोटलं, दाराला पाठ लावून बसले आणि तिला म्हटलं की मी इथून हलणार नाही. मग ती थोडंथोडं बोलली. बाराव्या दिवशी ती बाळाला घेऊन विहिरीवर गेली होती. काठावर उभी होती. आत्याबाई, म्हणजे सासू, मागून आली आणि काही न बोलता तिचा दंड धरून तिला घरी घेऊन आली. बांगड्या त्या ओढाताणीत फुटल्या होत्या. कडी लावायला सुनेनेच सांगितलं होतं. मुलगी झाली म्हणून कुणी बोललं का, असं मी विचारलं. नाही म्हणाली. मग काय होतं? तर म्हणाली, बाळ रडलं की ते दुसऱ्याच्या घरात रडून राहिलं असं वाटतं.

सासू परत आली, तेव्हा मी तशीच दाराला टेकून होते. ती माझ्यावर ओरडली नाही. आधी सुनेचा चेहरा पाहिला, मग बाळाला गोधडीवर ठेवलं आणि माझ्यासमोर बसली.

"वही काढा," ती म्हणाली. "आमच्या घराचं काय लिवलं, वाचून दाखवा."

तिला वाचता येत नव्हतं. मी काहीही वाचलं असतं तरी चाललं असतं. पण सून आमच्या दोघींकडे पाहत होती. मी जे लिहिलं होतं ते वाचलं. सासूने ते शेवटपर्यंत ऐकलं. मग तिने सांगितलं की विळा आणि रॉकेल तिने शेजारी नेऊन ठेवलं आहे. ती स्वतः गेले कित्येक दिवस सुनेच्या पदराला आपला पदर बांधून झोपत होती. मुलालाही काही सांगितलं नव्हतं. बाहेरचं लागलं म्हणून लोक कुणाकुणाकडे न्यायला सांगतील, नाहीतर पागल ठरवतील, आणि मग मुलगा तिला ठेवणार नाही, ही तिला भीती होती.

"आन् हे तुमी कोनाले दाखवता?" तिने विचारलं.

साहेबांना, मी म्हणाले. साहेब काय करतात, असं तिने विचारलं. अभ्यास करतात, मी म्हणाले. तिने मान हलवली, पण तिला ते पटलं नव्हतं हे दिसत होतं.

त्यानंतर दोन महिने मी आठवड्यातून दोनदा रामाकोन्याला गेले. नागपूरला मला शिकवणाऱ्या बाईंनी तिथल्या एका मनाच्या डॉक्टरांची गाठ घालून दिली. सासू सुनेला आणि बाळाला घेऊन तीनदा नागपूरला गेली. गावात सांगितलं, पोरीचं पोट दुखते. औषधापेक्षा अवघड होतं सासूला झोपवणं. ती दिवसभर वावरात राबून रात्रभर जागी असायची. मी गेले की तिला दोन तास पडायला लावायची आणि सुनेशी बोलत बसायची. कधी आम्ही नुसत्या शेंगा निवडत बसायचो. एक दिवस बाळ रडलं आणि सून सासूकडे न पाहता उठली. सासू जागी होती. तिने डोळे मिटूनच घेतले.

मग एका सकाळी रामाकोन्यात जीप आली. ऑपरेशनच्या शिबिरासाठी बायका न्यायला. त्यांच्या हातात यादी होती, आणि नावं माझ्या वहीतल्याच क्रमाने होती. एकच मूल असलेल्या त्या सुनेचंही नाव होतं. सासूने तिला आत ढकलून दारात बसकण मारली आणि जीप जाईपर्यंत उठली नाही.

मला हे बसमध्ये रामाकोन्याच्या एका बाईकडून कळलं; जीपवाल्यांनी पुकारलेली नावं तिने ओळीने सांगितली. मी तडक साहेबांकडे गेले. त्यांनी नाकारलं नाही. सगळ्यांना टारगेट असतं, थोडं सहकार्य करावं लागतं, असं ते चहा मागवता मागवता म्हणाले. माझ्या वह्या त्यांच्या टेबलावर होत्या. मी त्या उचलल्या, बाकावर बसून नावांची पानं फाडून घेतली, उत्तरांची पानं परत टेबलावर ठेवली आणि नोकरी सोडते असं सांगितलं. त्यांनी थांबवलं नाही.

तिथून मी रामाकोन्याला गेले. सासू अंगणात होती. मी जे झालं ते सांगितलं आणि म्हणाले, मला माहीत नव्हतं.

"मले मालूम होतं," ती म्हणाली. "आता कायले आल्या मंग?"

सांगायला आले, मी म्हणाले. तिने बसा म्हटलं नाही. सून बाळाला कडेवर घेऊन बाहेर आली आणि पाण्याचा गडवा माझ्यापुढे ठेवून आत गेली. मी उभ्यानेच पाणी प्याले. त्या घराने मला पुन्हा पूर्वीसारखं आत घेतलं, पण त्याला पुढचा उन्हाळा उजाडला. मधल्या काळात मी जायची, अंगणातच बसायची, आणि सासू मला काही विचारायची नाही.

आज ज्याला लीडरशिप कोचिंग म्हणतात आणि ज्यावर माझी पुढची वर्षं गेली, ते काम दशकाच्या शेवटी बोरगावच्या एका कारखान्यात सुरू झालं. तेव्हा त्याला सुपरवायझरचं ट्रेनिंग म्हणत. माणसांशी कसं वागावं यावर चार दिवस बोलायचं होतं. पहिल्या दिवशी बारा सुपरवायझर समोर बसले आणि कुणी तोंड उघडेना. दुपारी मॅनेजरने मला केबिनमध्ये बोलावलं. यांच्यातला कोण कामगारांना फूस लावतो, एवढं बोलता बोलता काढून घ्या, असं ते म्हणाले. मी नाही म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी सुपरवायझरांना तसं सांगूनही टाकलं. मॅनेजरने उरलेले दोन दिवस रद्द केले.

मी निघाले तेव्हा त्या बारा जणांपैकी एक फाटकाबाहेर सायकल धरून उभा होता. मोठ्या आवाजाचा, कामगार ज्याला टरकून असत असा माणूस. साहेबांना कळणार नाही ना, असं त्याने दोनदा विचारलं. इकडेतिकडे पाहिलं.

"बाई, कामाचं नाई," तो म्हणाला. "घरची बाळंत झाली. आठ दिवस झाले, बोलूनच नाई राहिली."

घरी तिच्याजवळ आत्ता कोण आहे, असं मी विचारलं. कुणी नाही म्हणाला. त्याचं घर पलीकडेच होतं. त्याने माझी पिशवी सायकलच्या हँडलला अडकवली आणि आम्ही दोघं भराभर चालायला लागलो.