तिदा दार्बोचा दलासीवर भरवसा नव्हता

तिदा दार्बो आमच्या शेजारची. आमच्या सेरेकुंदा गावात तिच्याइतकं गडद निळं कापड कुणी रंगवत नसे. कोपरापर्यंत हात कायम निळे. आम्ही सगळेच तिला आत्या म्हणायचो, पण सख्खा भाचा एकच, यांकुबा. तो राजधानीत, बाथर्स्टच्या बंदरात कारकून होता.

एकाहत्तर साली तोच बातमी घेऊन आला. "आत्या, पौंड-शिलिंग जाणार. एका पौंडाचे पाच दलासी मिळतील."

"काय मिळतील?"

"दलासी. आपल्या नव्या पैशाचं नाव."

तिदाच्या हातातलं कापड गळून पडलं. "त्या नावानं माझ्या बापाला खाल्लंय!"

ते खरंच होतं. ती लहान असताना आमच्याकडे फ्रेंचांचं चांदीचं नाणं चालायचं; त्याला लोक दलासीच म्हणत. इंग्रज सरकारनं ते बंद केलं. बापाला वाटलं, चांदी लाटायची ही व्यापाऱ्यांची युक्ती. त्यानं पुरलेलं मडकं काढलंच नाही. मुदत टळली आणि सात हंगामांच्या भुईमुगाची कमाई बुडाली.

"म्हणून तर वेळेत बदलू," यांकुबा म्हणाला. "दे माझ्याकडे. उद्याच बँकेतून आणतो."

"तुझ्याकडे?" तिनं त्याला खालून वर न्याहाळलं. "आणि हे घड्याळ कधी घेतलंस रे?"

यांकुबा उठला आणि चालता झाला.

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच बाथर्स्टला गेली, एकच पौंड घेऊन. नव्या नाण्यावर मगर होती, जुन्या चार शिलिंगांच्या नाण्यावर होती तशीच. "मगर तीच, नाव तेवढं बदललंय. चोरही असंच करतो," ती मला म्हणाली. मग बाजारात मासळीवालीला एक दलासी देऊन पाहिला. बाईनं तो उलटासुलटा केला.

"आत्या, हा नक्की चालतो ना?"

"मला काय विचारतेस? मीच तुझ्याकडून खात्री करून घ्यायला आलेय!"

असं तीन आठवडे चाललं. रोज एक पौंड, रोज गाडीभाडं. सगळे बदलून झाले, एकही बुडाला नाही.

मग कधीतरी तिदाला यांकुबाची बायको भेटली. ते घड्याळ आपल्या भावानं यांकुबाला दिलेलं, असं ती बोलता बोलता म्हणाली.

तिदानं आपलं सगळ्यात गडद कापड काढलं आणि बाथर्स्टला यांकुबाचं घर गाठलं. त्यानं बसायला चटई दिली, पाणी दिलं. कापडावरून हात फिरवला आणि अगदी अदबीनं विचारलं, "केवढ्याला देणार, आत्या?"

 कापड तिथंच ठेवून ती परतीच्या गाडीत बसली.