कपाशीच्या पातीतली अर्धी गोष्ट

यवतमाळच्या मिशनमध्ये जमनीबाईचं नाव तबिथा होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी मिशन चालवणाऱ्या मिसबाईनं ते मोठ्या हौसेनं ठेवलेलं. पण लोहारा गावाच्या पलीकडच्या शेताशिवारात हे नाव कुणाच्या गावीही नव्हतं, आणि जमनीनंही ते कधी कुणाच्या गळ्यात मारलं नाही. तिथं ती जमनीच होती. हाताला हात, कामाला काम आणि वर गोष्टी सांगणारी बाई.

एकोणिसाव्या वर्षी ती विधवा झाली आणि त्याच साली तापानं मिशनच्या दवाखान्यात येऊन पडली. घरच्यांनी आणून टाकलं ते पुन्हा डोकावले नाहीत. एक गोरी नर्स मात्र रोज तिचे पाय धुवायची. जमनी म्हणायची की आधी मला त्या पाण्यावर विश्वास बसला, मग नर्सवर, आणि देवावर सगळ्यात शेवटी. पण बसला तो असा बसला की पुढची वीस वर्षं ती त्या देवाची सुवार्ता सांगत पायी हिंडली. पायात वहाण असली तर असली.

मिशनचे बाकीचे प्रचारक बाजारात ढोलकी वाजवून चित्रं दाखवायचे. माणसं ढोलकीला जमायची आणि ढोलकी थांबली की पांगायची. जमनीला हा प्रकार मुळीच पटत नसे. ती थेट कापसाच्या वेचणीला जायची. वेचणीच्या पहिल्या दिवशी बाया कपाशीच्या पहिल्या झाडांना दहीभात वाहतात, सीतादही करतात. तेव्हा ती बाजूला उभी राहायची. हात जोडायची नाही, पण नाकही मुरडायची नाही. मग कमरेला ओटी बांधून सगळ्यात हळू वेचणाऱ्या बाईच्या शेजारची पात, म्हणजे झाडांची ओळ, धरायची. आपली पात वेचता वेचता तिच्याही पातीतली चार बोंडं वेचून तिच्याच ओटीत टाकायची. गोष्टीपायी हात ढिले पडले असं म्हणायला शेताच्या मालकाला, उकंडराव पाटलालाही कधी जागा मिळाली नाही.

आणि गोष्ट ती आपणहून कधीच सुरू करायची नाही. कुणीतरी म्हणायला हवं, "कालचं पुढं काय झालं वं?" ते बायांनी म्हणावं यासाठी तिची एक युक्ती होती. तिचा बाप दंडारीच्या खेळात सोंगं घ्यायचा. गोष्ट कुठं तोडली म्हणजे ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो, हे तिनं बापाकडून उचललं होतं. सूर्य झाडांच्या टोकाला आला की ती नेमकी तिथं गोष्ट तोडायची आणि ओटी झटकायची. बाया तिला लटक्या शिव्या देत घरी जायच्या. सुवार्तेला बापाची दंडार कामाला आली याचा तिला थोडा गर्वच होता, आणि माणसाचा गर्व कुठं ना कुठं ठेचकाळतोच.

सुखीबाई तिच्या शेजारच्या पातीत असायची. पन्नाशीची, विधवा, तोंडानं फटकळ. तिची एकुलती लेक गिरजी दोन वर्षांपूर्वी कापसाची सरकी काढणाऱ्या जिनातल्या एका परजातीच्या मजुराबरोबर निघून गेली होती. सुखीबाईनं त्याच दिवशी लेक मेली असं जाहीर करून तिच्या नावानं आंघोळ केली, सगळ्या गावादेखत. तेव्हापासून तिच्यासमोर गिरजीचं नाव काढायची कुणाची छाती नव्हती. पण वेचताना मध्येच तिची मान वर व्हायची आणि डोळे गाडीरस्त्याकडं जायचे. जमनीनं ते बघितलं होतं.

म्हणून त्या सालच्या मार्गशीर्षात जमनीनं घरातून निघून गेलेल्या लेकाची गोष्ट काढली. येशूनं सांगितलेलीच, पण जमनीच्या तोंडी त्या लेकाला बापाच्या वाट्याची बैलजोडी आणि कापसाच्या दोन गाड्या मिळाल्या होत्या, आणि त्या त्यानं परमुलखात उडवल्या. चार दिवस गोष्ट चालली. सुखीबाई एरवी दर गोष्टीला खोट काढायची, या गोष्टीला नाही. चौथ्या दिवशी लेक डुकरांच्या पुढ्यातल्या टरफलांवर आला, शुद्धीवर आला, आणि उपाशीपोटी घराच्या वाटेला लागला. सुखीबाईचे हात थांबले.

"बाप घेते का त्याले घरात?" तिनं विचारलं. आवाज तिचा वाटत नव्हता.

जमनीनं सूर्याकडं बघितलं. तो झाडाच्या टोकाला होता. सवय वाईट असते. ती म्हणाली, "आता उद्या सांगतो न बाई. उद्या येशीनच न तू?"

सुखीबाई ओटी रिकामी करून निघाली, आणि थोडं पुढं जाऊन तिनं एकदा मागं वळून बघितलं.

दुसऱ्या दिवशी दवानं बोंडांची टरफलं मऊ होती तोवर जमनी शेतावर पोचली, तर शेतात चिटपाखरू नव्हतं. कापसाचा भाव त्या आठवड्यात असा कोसळला होता की बाजारात गाड्यांच्या रांगा तशाच उभ्या होत्या आणि वेचणीची मजुरीही निघेना. उकंडरावानं वेचणीच बंद केली. अख्खं शेत पांढरं फुललेलं आणि त्याला हात लावणारं कुणी नाही. जमनी तशीच सुखीबाईच्या झोपडीवर गेली. दाराला कडी. शेजारची शकुबाई म्हणाली, "पहाटीच गेली. कुठं गेली ते कोणाले मालूम? गठुडं घेऊन गेली."

"काही बोलली काय?"

"नाई. रातभर मात्र ते झोपली नाई."

जमनी त्या बंद दारासमोर मटकन बसली. एका वाक्याचं काम होतं. बाप घेतो का? घेतो. एवढं सांगायला किती वेळ लागला असता? देवानं तिच्या हातात घास दिला होता भरवायला, आणि तो तिनं उद्यासाठी फडक्यात बांधून ठेवला होता. ती खूप रडली.

पुढची दोन वर्षं तिनं सुखीबाईला शोधलं. भाव काही वर आला नाही. गावोगावच्या मजूरबाया पोटामागं पांगल्या, आणि जमनीचे ऐकणारे कान त्यांच्याबरोबर गेले. महागावच्या बाजारात ती पाठमोऱ्या बायांच्या पुढं जाऊन तोंडं बघायची. केळापूरच्या देवीला नवरात्रात माणूस लोटतं, म्हणून मिशनची ही बाई पायऱ्यांच्या खाली दोन्ही साली नऊ दिवस उभी राहिली. तिथल्या फुलवाल्यानं विचारलंही, "बाई, वर काहून नाई जात?" ती म्हणाली, "माह्या एका माणसाची वाट पाहून राह्यली."

मिसबाई समजावायची, "तबिथा, दुसरे आत्मेही आहेत." जमनी हो म्हणायची आणि पुन्हा त्याच वाटेला लागायची. एरवी कधी काही न मागणारी बाई, पण या एका गोष्टीसाठी ती देवाशी हट्ट करायची. प्रभू, मला हजार माणसं नकोत. एक दिवस दे, दोन पाती दे, आणि पलीकडच्या पातीत सुखीबाई दे. गुडघे सुजले, केस पिकले. सुखीबाई गोष्टीचा शेवट न ऐकताच मेली असेल, या विचारानं तिला घास जात नसे.

तिसऱ्या साली शकुबाईनं निरोप धाडला. तिच्या भाच्यानं सुखीबाईला पांढरकवड्याच्या एका जिनामागच्या चाळीत बघितलं होतं. जमनी मिळेल त्या गाडीनं आणि उरलेली वाट पायी गेली. दुपार कलली होती. चाळीच्या अंगणात सुखीबाई एका तान्ह्या पोराला पाटावर पालथं घालून न्हाऊ घालत होती. जरा वाळली होती, पण तोंड तेच.

"ये वं जमने. बस तिथं, पाणी उडीन अंगावर," ती म्हणाली, जशी काही कालच पातीतून उठून गेली होती.

जमनी बसली नाही. दोन वर्षं घोळवलेलं वाक्य तिनं उभ्याउभ्याच सांगून टाकलं. "सुखीबाई, त्या दिवशी म्या गोष्ट अर्धी ठेवली. मुद्दाम ठेवली. तू उद्या यावं म्हून. मले माफ कर."

"माफी कायची?" सुखीबाईनं पोराच्या डोक्यावर हात आडवा धरून पाणी घातलं. "बरं झालं नाई सांगतलं ते. तो पोट्टा निघाला एवढं तू सांगतलं. मंग मले रातभर तेच. उपाशी पोट्टा, लंबी वाट, मधात नदी-नाले. घरी पोचला का वाटीतच पडला? मले वाटलं, माही गिरजी बी अशीच निघाली असंन अन् कुठंतरी पडली असंन. बसवलंच नाई. पहाटी निघाली मी."

"अन् कुठं भेटली?"

"अथीच. ते काही निघाली नोहती. कोणत्या तोंडानं येऊ म्हणे." सुखीबाईनं नातवाला उचलून पदरात गुंडाळलं. "मी दारात उभी राह्यली, त म्हणे, माय, तू त माह्या नावानं आंघोळ केली न? मी म्हणलं, केली. पाणीच होतं ते. वाळलं."

आतून गिरजी चहाचं भांडं घेऊन आली, आणि जमनीला आता खाली बसावंच लागलं.

सुखीबाई तिच्या समोर बसली. "आता सांग. बापानं काय केलं?"

आणि जमनीनं शेवट सांगितला, ज्याच्यासाठी तिनं दोन वर्षं वाट तुडवली होती. लेक अजून दूर होता, तोच बापानं त्याला बघितलं, आणि म्हातारा धावत सुटला, आणि त्याच्या गळ्यात पडला. गिरजीनं डोळ्यांना पदर लावला. सुखीबाई मात्र कपाळाला आठ्या घालून बसली होती. तिला खोट सापडली होती.

"दिसल्यावर पयाला. पण दिसेपर्यंत घरीच होता?"

"रोज वाटीकडं पाहे तो," जमनी म्हणाली.

"पाहत त मी बी होती. दोन वरीस पाह्यलं. पाहून कोणी येते काय?" मग जरा नरमून तिनं विचारलं, "तुह्या देवाचं सांग. त्याचं लेकरू हरवलं असतं, त तो बसला असता काय?"

वीस वर्षांत हा सवाल जमनीला कुणी केला नव्हता. देव वर बसून वाट बघत राहिला नाही, तो उठून खाली आला, माणसाच्या दारात आला, हेच सांगायला तर तिनं सारा जन्म घातला होता. आणि सुखीबाईला तिनं ते कधी सांगितलंच नव्हतं, तरी या बाईनं अर्ध्या गोष्टीवर तेच करून दाखवलं होतं.

"नाई," जमनी म्हणाली. "निघाला असता."

"मंग बरोबर हाय," सुखीबाई म्हणाली आणि तिनं चहा पुढं सरकवला.

सुखीबाईनं बाप्तिस्मा काही घेतला नाही, तेव्हाही नाही आणि पुढंही नाही. जमनीला ते शेवटपर्यंत सलत राहिलं, खोटं कशाला सांगू? दर रविवारी उपासनेला बसली की ती शेजारी थोडी जागा ठेवायची, आणि ती जागा रिकामीच राहायची. पण पांढरकवड्याहून ती यवतमाळला परतली तेव्हा मिसबाई फाटकाशीच उभी होती. तिनं विचारलं, "सुखीबाई सापडली? तिला प्रभूपर्यंत आणलंस?"

जमनी फाटकाला धरून उभी राहिली. पाय थकले होते.

"कुठं आणतो मिसबाई," ती म्हणाली. "मी पोचली तवा ते तिथंच बसली होती."