बगलेतला चौकोनी तुकडा

मुधोळच्या बाजारात माझं आणि दुसऱ्या एका शिंप्याचं शिलाई मशीन एकाच पत्र्याखाली होतं. हात माझा चांगला होता. हे सांगायला मी आजही कचरत नाही. मी शेतकऱ्यांच्या बंड्या शिवायचो. कापूस वेचताना, बैल हाकताना कापड ओढलं जाऊ नये म्हणून बगलेत चौकोनी तुकडा घालायचो. त्यानं तो माझंच पाहून उचलला.

एकदा शाळेच्या पीटी सरांनी कबड्डीच्या संघासाठी दोघांकडून एकेक जर्सी नमुन्याला मागितली. बंडीचा तुकडा जर्सीला लावायचा, हे मला गावंढळ वाटलं. मी बगल शहरी पद्धतीनं सफाईदार कापली. त्यानं तुकडा लावला. वर खेळाडूला ताठ उभं करायचं सोडून चढाईला जातो तसं वाकवलं आणि मग माप घेतलं. मी हसलो. पहिल्याच पकडीत माझी जर्सी बगलेपासून कमरेपर्यंत उसवली.

त्यानंतर त्याला थांबवणारं कुणी नव्हतं. आधी आमच्या शाळा, मग निर्मल, मग आदिलाबाद. आदिलाबादजवळ मावल्याला त्यानं शिलाईची शेड टाकली, ताणलं जाणारं कापड आणलं, कंपनी काढून तिला स्वतःचं नाव दिलं. हैदराबादचे संघ त्याचे कपडे घालू लागले. लोक माझ्याच दुकानात बसून त्याचं कौतुक करायचे आणि माझा नुसता जळफळाट व्हायचा. तुकडा माझा आणि कंपनी त्याची. तुकडा तरी माझा कुठला, बापजाद्यांचा. पण जळणाऱ्याला एवढं सुचत नाही.

पुढे माझी मुलगी जिल्ह्याच्या संघात निवडली गेली आणि त्याच्याच कंपनीची जर्सी घेऊन घरी आली. मी ती उलटी करून टाका न् टाका तपासला. सुटलेला एकही मिळाला नाही. मग मानेजवळची कंपनीच्या नावाची पट्टीच उसवून काढली. म्हणालो, टोचली असती.

"कुटं टोचून राह्यली होती, बाबा?" ती म्हणाली. "परत लावून द्या. नाई तं पोरी म्हनतील नकली हाय."

मी सुई ओवली. पट्टी वाकडी लावावी, असं मनात येऊन गेलं. पण मान माझ्या लेकीची होती. त्याचं नाव मी इतकं सरळ बसवलं, की त्याच्या शेडमध्येही कुणाला जमलं नसतं. ते त्याला कधीच कळणार नाही, याचंच मला जास्त वाईट वाटलं.