गढूळ पाण्यातला शनिवार

कयाकिंगची प्रशिक्षक व्हायचं ठरवलं तेव्हा मी बेचाळीस वर्षांची होते आणि पोहायला शिकून मला जेमतेम सहा वर्षं झाली होती. पुण्याहून परदेशी आलो, अल्बनीत घर झालं, सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली. तक्रार करण्यासारखं काही नव्हतं. पण एका जागी बसवत नसे. मीटिंगमध्ये टेबलाखाली पाय हलत राहायचा. नवरा म्हणायचा, हौस म्हणून वल्हव की, दुसऱ्यांची जबाबदारी कशाला अंगावर घेतेस? मी तरीही नाव नोंदवलं.

वर्षभर, एकाआड एक शनिवारी मी पहाटे निघायचे, वाटेत ‘ते रापा’ नावाच्या गावात कॉफी घ्यायचे आणि आणखी दक्षिणेला नदीवर जायचे. आम्ही चौघं शिकाऊ होतो. शिकवणारी साठीची माओरी बाई, फार कमी बोलणारी. प्रत्येकाला एक दिवस तुकडी सांभाळावी लागे. पाण्यात उतरायचं की नाही, इथपासून सगळं त्यानं ठरवायचं. बाई मागून बघत यायच्या आणि पटलं तर पास म्हणून वहीत सही करायच्या.

माझा दिवस आला त्या आठवड्यात मी फोनवर नदीची पातळी दिवसातून दहादा बघत होते. वर डोंगरात पाऊस झाला होता. शनिवारी काठावर पोचलो तर पाणी गढूळ, आणि ज्या खडकावर बसून आम्ही बूट बदलायचो तो दिसेचना. मी पाहिलं. मागे बाकीचे हेल्मेटचे पट्टे आवळत होते. आमच्यातले एक, पीटीचे निवृत्त शिक्षक, तीन तास गाडी चालवून आले होते. मी म्हणाले, चला.

तिसऱ्या वळणावर धार सरळ काठच्या विलोच्या झाडांत घुसत होती. शिक्षक आमच्यात सगळ्यात दणकट, पण त्यांचीच कयाक आडवी होऊन फांद्यांवर आदळली आणि उलटली. ते कसेबसे बाहेर आले आणि छातीभर पाण्यात एका फांदीला लटकले. मी काठावर उडी मारून दोर फेकला. तो दोन हात अलीकडे पडला. ओला दोर मी पुन्हा गोळा केला. दुसऱ्या फेकीत त्यांनी तो पकडला. बाईंनी मागून माझं लाइफजॅकेट धरून ठेवलं आणि मी ओढलं.

त्यांचा खांदा दुखावला होता, ओठ निळे पडले होते. कयाक गेली ती गेलीच. आम्ही गाईंच्या कुरणातून चालत रस्त्यावर आलो. सगळे गाडीत बसल्यावर बाईंनी मला बाजूला घेतलं.

“सकाळी काय दिसलं होतं तुला?”

“खडक बुडालेला.”

“मग?”

“सगळे तयार होते. बोलायला जड गेलं.”

“मीही थांबवायला हवं होतं,” त्या म्हणाल्या. “पण सही आज नाही.”

घरी आल्यावर मुलीनं इंग्रजीत विचारलं, पास झालीस? मी नाही म्हणाले आणि सगळं सामान विकायला काढलं. जाहिरातीसाठी त्याचे फोटोही काढून ठेवले. चार दिवस कुठल्याच कामात मन लागेना. मग शिक्षकांचा फोन आला. हात गळ्यात बांधलेला आहे, पण पुढच्या वेळी काठावर बसायला येतो, म्हणाले. मला राहवलं नाही. खडक बुडालेला मला दिसला होता, हे मी त्यांना सांगून टाकलं.

ते म्हणाले, “मलाही दिसला होता. तू बोलली नाहीस, म्हणून वाटलं मीच जुनाट आणि भित्रा.”

फोटो मी कुठेच टाकले नाहीत.

दोन महिन्यांनी पुन्हा माझी पाळी आली. रिमझिम होती, पाणी किंचित चढलेलं, तसं उतरण्याजोगंही होतं. मी म्हणाले, आज नाही. एकजण नाराजीनं पुटपुटला, आणि सगळे परत फिरलो. बाईंनी गाडीच्या बॉनेटवर वही ठेवून सही केली. घरी येईपर्यंत लख्ख ऊन पडलं. मी पातळी पाहिली. उतरली होती. जाता आलं असतं बहुधा, असं दिवसभर वाटत राहिलं.