डाव्या बगलेतला लाल दोरा

औरंगाबादहून पहाटे निघालेली एसटी नाशिकच्या द्वारका चौकात थांबली तेव्हा साडेअकरा झाले होते. उतरताना सीटच्या पत्र्यात पँट अडकली आणि गुडघ्यावर बोटभर फाटली. नव्वदचं दशक संपत आलं होतं. डिसेंबर होता, दोन दिवसांची रजा होती. जुन्या नाशकातल्या फुटपाथवर बसणारे कारागीर आणि वाजवणारे पाहायचे, एवढाच बेत होता. सुरुवात कुठून करायची ते फाटक्या पँटने ठरवलं.

लॉजवर पँट बदलली, मिसळ खाल्ली (इथे तिच्यासोबत पापड देतात) आणि हॉटेलमालकाला रफूवाल्याचा पत्ता विचारला.

"सरळ जा. बाजा ऐकू आला की थांबा. तिथंच गनीभाई."

भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत, एका बंद दुकानाच्या पायरीशी, साठीचे गनीभाई गोणपाटावर बसले होते. पाच पावलांवर अंबादास अकॉर्डियन वाजवत होता. वय पस्तिशीचं, पायांत दोन वेगळ्या चपला. अकॉर्डियनच्या भात्याला (हवा भरण्यासाठी ओढायच्या-दाबायच्या घड्यांना) सायकलच्या ट्यूबची आणि फुलाफुलांच्या कापडाची ठिगळं होती. अंगातल्या काळ्या लोकरी कोटाच्या कोपरांवर खाकी, खिशावर हिरवं, कॉलरला मखमल. पोवाड्याच्या चालीतून तो सिनेमाच्या चालीत शिरे आणि सांधा कळत नसे. पातेल्याचा भाव करणाऱ्या बायका भाव सोडून ऐकत उभ्या राहत.

गाणं संपवून त्याने कोट उतरवला आणि गनीभाईंपुढे टाकला. आत बनियन होती, तिच्यात कापड कमी आणि भोकं जास्त.

"चाचा, पाचला मास्तर ऐकणार हाय. कोटाला भोक दिसलं तर उभंबी करणार नाय म्हणला."

"अरे, कोटाला भोकं आहेत की भोकांना कोट लावलाय?" गनीभाई म्हणाले.

मास्तर म्हणजे समोरच्या गल्लीतल्या बँड पार्टीचे मालक. बाकी वाजवणाऱ्यांना ते लाल डगले देत. अकॉर्डियनवाल्याने मात्र स्वतःचा काळा कोट आणायचा, ही तिथली रीत.

"जागा मिळाली तर लग्नसराई निघती," अंबादास मला म्हणाला. "नाय तर बायकोनं ठरवून टाकलंय. पेटी ईक, अन् चल निफाडला द्राक्षाच्या बागंत."

तो गनीभाईंचा मफलर गुंडाळून दाढी करायला गेला. मी माझी फाटकी पँट गनीभाईंजवळ ठेवली आणि पायरीवर बसलो.

गनीभाईंनी आधी कोटाची आतली दुमड उसवली आणि तिच्यातून एकेक धागा ओढून काढला. "बाहरचा दोरा लगेच ओळखू येतो," ते म्हणाले. "कपड्याची जखम कपड्याच्याच धाग्याने भरायची." कसरीने खाल्लेली भोकं त्यांनी आडव्या-उभ्या धाग्यांनी विणून काढली. ठिगळांना हात लावला नाही. डाव्या बगलेत चार बोटं लांब फट होती, तीही बुजवली. हे काम सर्वांत बारीक होतं, त्याला तास गेला. फट गेली कुठे, ते मला दिसेना.

पाचला पाच मिनिटं असताना अंबादास आला, कोट अंगात घालून पेटी उचलून पळाला. गनीभाईंनी माझी पँट मांडीवर घेतली.

गल्लीतून सूर आले. चौथ्या ओळीला तुटले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा तिथेच तुटले. गनीभाईंनी मान वर केली.

"साँस टूट रही है उसकी."

त्यांनी सुई टोपीत खोचली आणि उठले. हातातलं काम टाकून हा माणूस जागचा उठलेला पाहिला नव्हता, असं भांडीवाला नंतर म्हणाला. मी मागे गेलो.

मास्तर खुर्चीत होते. "कोटात अडतंय तर कोट काढ."

अंबादास हलला नाही. आतल्या बनियनची आठवण मलाही झाली.

"कोटात मी आजवर अडलो नाय, मास्तर."

गनीभाईंनी त्याचा डावा हात वर केला, बगल पाहिली. "ही फट तूच केली होतीस?"

"मीच. त्याबिगर हात लांब जात नाय, भाता पुरा उघडत नाय."

"मग सांगायचं ना, गाढवा!"

"तुम्ही इचारलं का?"

गनीभाई मास्तरांकडे वळले. "गलती माझी आहे. दहा मिनिटं द्या."

अंबादासला हात वर धरायला लावून त्यांनी तासाभराचं काम पात्याने क्षणात उसवलं. टोपीला गुंडाळलेला एकच जाड दोरा होता, लाल. त्याने फटीच्या कडा त्यांनी शर्टाच्या काजासारख्या घट्ट विणल्या. दोरा दातांनी तोडून म्हणाले, "आता ही फाटलेली नाही. ही केलेली आहे."

मास्तरांनी वाकून पाहिलं. "वाजव."

भाता पूर्ण उघडला. चौथी ओळ गेली, पाचवी गेली. मध्येच मास्तरांनी हात वर केला. अंबादास थांबला, त्याचा चेहरा पडला.

"उद्या निफाडला लग्न आहे," मास्तर म्हणाले. "सातला इथं ये. अन् चपला एकसारख्या घाल."

दुसऱ्या दिवशी परतीची एसटी निफाडच्या बाजारपेठेत वरातीमागे अडकली. लाल डगल्यांच्या पुढे काळा कोट चालला होता. पायांत एकसारखे कॅनव्हासचे बूट होते, त्याच्या मापाहून मोठे. ड्रायव्हर हॉर्न वाजवत होता. अंबादासने मागे वळून पाहिलं नाही. भाता उघडला की डाव्या बगलेत लाल रेघ दिसे, मिटला की जाई.

पुढचा प्रवास मी रफू केलेल्या पँटच्या गुडघ्यावर बोट फिरवत केला. घरी येऊन दिव्याखालीही पाहिलं. गनीभाईंचं ते काम मला आजवर सापडलेलं नाही. दुसरं एसटीच्या खिडकीतूनही दिसलं होतं.