चारुशीलाबाईंचा शेरा

चारुशीलाबाईंना कौतुक करता येत नाही. मिरकाबमधल्या एका खासगी डायलिसिस सेंटरच्या त्या इन्चार्ज. मूळच्या नांदेडच्या, कुवेतात येऊन बावीस वर्षं झाली, पण एवढ्या वर्षांत कुठल्या नर्सला त्यांनी ‘छान’ म्हटलेलं कोणी ऐकलेलं नाही. एखादी मुलगी फार आवडली की तिला त्या जास्त बोलतात. शब्द हिंदी, इंग्रजी, अरबी हाताला लागतील ते, पण चाल नांदेडची: मशीन बोंबलायलंय आणि तू वेणी घालायलीस व्हय? एवढं ऐकून घेतलं की पास झालीस, असं जुन्या नर्सेस नवीला समजावतात. बाई जिला काहीच बोलत नाहीत, तिने दुसरी नोकरी बघावी.

जमिला त्यांची सगळ्यात जास्त बोलणी खाल्लेली मुलगी. पॅलेस्टिनी. जन्म कुवेतच्याच हवल्लीतला, पासपोर्ट जॉर्डनचा, गाव हैफा, जे आजीनंतर घरातल्या कोणी पाहिलेलं नाही. बाईंच्या हाताखाली दोन वर्षं राहून ती कॅनडाला गेली, तिथे तीन वर्षं सुरळीत काढली आणि गेल्या हिवाळ्यात तिला हॉस्पिटलने घरी बसवलं.

झालं होतं एवढंच. एक म्हातारी सीरियन पेशंट सुई टोचताना रडायला लागली, तेव्हा जमिलाने तिचा हात धरून अरबीत तिची समजूत काढली. गळ्यातल्या साखळीत बोटाच्या पेराएवढा पॅलेस्टाइनचा नकाशा होता. शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या मुलाने तक्रार केली की ही बाई काय पुटपुटते कळत नाही, गळ्यात राजकारण अडकवून फिरते, आम्हाला असुरक्षित वाटतं. चौकशी बसली. निकाल विरुद्ध गेला तर नोकरी जाणार, नोंदणीवर डाग पडणार, म्हणजे त्या देशात नर्स म्हणून कुठेच उभं राहता येणार नाही.

व्हिडिओवर साक्ष द्याल का, असं जमिलाने फोन करून विचारलं, तेव्हा बाईंनी आधी तिलाच झापलं. इथे यायच्या आधी रुमैथियाच्या क्लिनिकात अमिरुन्निसा मॅडमकडे तू पाच वर्षं होतीस, ती हैदराबादची, इंग्रजी माझ्या दसपट फाडते, तिला सोडून माझ्याकडे काय आलीस?

जमिला म्हणाली, “सिस्टर चारू, युनियनवाले म्हणाले, कोणीतरी न्यूट्रल पाहिजे.”

न्यूट्रल म्हणजे काय, हे बाईंना फोन ठेवल्यावर उलगडलं. अमिरुन्निसाने पाच वर्षांत काय पाहिलं ते नावातच संपलं होतं.

घरी बनेद अल-गारला नवरा देवेंद्र जेवत होता. तेल कंपनीत इंजिनिअर. शेजारच्या इराकी बाईंनी पाठवलेला मज्बूसचा भात दुसऱ्यांदा वाढून घेत त्याने मत दिलं की ही माणसं असतातच तापट, आपण मध्ये पडू नये, आपण पोटासाठी आलोय. आणि ग्रुपवर आलेलं कसलंसं पुढे ढकललं. बाईंनी भाताचं भांडं उचलून आत नेलं.

साक्षीच्या दिवशी तिकडची सकाळ, इकडची संध्याकाळ. पडद्यावर तीन अधिकारी आणि कोपऱ्यातल्या चौकोनात मान खाली घातलेली जमिला. “आई, यू आर ऑन म्यूट,” असं लेकीने, जुईलीने, आतून दोनदा सांगितल्यावर बाईंचा आवाज एकदाचा पोहोचला. अधिकाऱ्यांतली मुख्य बाई अशी गोड बोलत होती, जणू समोर तापाचं लेकरू आहे. थँक यू सो मच फॉर युवर टाइम, चारू-शी-ला, नाव बरोबर घेतेय ना मी? मग त्याच गोडव्यात तिने एक कागद पडद्यावर आणला.

जमिलाच्या वार्षिक मूल्यमापनाचा. नोकरीच्या अर्जाबरोबर इथूनच गेलेला. अक्षर बाईंचं. ‘डॉक्टरांशी वाद घालते. आवाज मोठा. विषय सोडत नाही.’

इतका चांगला शेरा बाईंनी आयुष्यात दोघींनाच दिला होता. त्यांनी भराभरा सांगितलं की एका पेशंटचं बीपी पडत होतं, डॉक्टर फोनवरून थांबा थांबा म्हणत होता, ही भांडली, तो येईपर्यंत भांडली, म्हणून माणूस वाचला. आमच्याकडे याला काम म्हणतात.

“म्हणजे हा स्वभाव जुनाच आहे,” मुख्य बाई मान हलवत लिहू लागली.

“थांबा, लिहू नका,” बाई म्हणाल्या. “हीच तीन वाक्यं मी त्याच वर्षी कोट्टयमच्या एका पोरीला लिहिली. ती तुमच्याकडेच आहे, दोन मजले वर. तिला तुम्ही इन्चार्ज केलंत. माझा शेरा एकच, अक्षर एकच. मग हिचाच आवाज कसा काय टोचायलाय तुम्हाला?”

इतर कर्मचाऱ्यांबद्दल आम्हाला बोलता येत नाही, असं उत्तर आलं. मग अमिरुन्निसाला विचारायचं होतं, तिला का नाही बोलावलंत, असं बाईंनी विचारलं. तेही नोंदवलं जाईल, असं उत्तर आलं. दॅट्स रिअली व्हॅल्युएबल, थँक यू फॉर शेअरिंग. पडदा काळा झाला. बाई काळ्या पडद्याशी आणखी मिनिटभर बोलत होत्या.

अकरा दिवसांनी निकाल आला. नोकरी राहिली. नकाशा काढायचा. पेशंटशी अरबीत बोलायचं तर अधिकृत दुभाष्या मागवायचा. आणि आदरपूर्वक संवादाचा आठ आठवड्यांचा कोर्स, कारण ‘आधीच्या वरिष्ठांनीही मोठ्या आवाजाला दुजोरा दिला आहे’. तक्रार करणाऱ्याला दिलगिरीचं पत्र गेलं. देवेंद्र म्हणाला, चला, सुटली एकदाची.

कोर्सच्या तिसऱ्या आठवड्यात जमिलाचा फोन आला. बाईंनी माफीबिफी मागितली नाही, तीही त्यांना येत नाही. कोर्समध्ये काय शिकवायलेत, एवढंच विचारलं.

“आवाज खाली ठेवायचा. हात हलवायचे नाहीत. म्हणणं एकदाच मांडायचं.”

“आणि पेशंटचं बीपी पडायलंय, डॉक्टर येईना, तर?”

“एकदा सांगायचं. मग लिहून ठेवायचं.”

“आणि मग?”

जमिला काहीतरी म्हणाली. बाईंनी फोन कानात खुपसला, दुसरा कान बोटाने बंद केला, तरी कळलं नाही. ऐकू येईना गं, मोठ्यानं बोल, असं त्या मोठ्यानेच म्हणाल्या.

“नको सिस्टर,” जमिला म्हणाली, “इथे माणसं बसलीत.”